आठ दिवसांचं नाक

दूध डेअरीच्या धक्क्यावर त्यांना सगळे नाकसाहेब म्हणायचे. तोंडावर तेच आणि पाठीमागेही तेच, दोन्हीकडे सारख्याच अदबीने. असा मान तिथे मॅनेजरलाही नव्हता. त्याला पाठीमागे काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम सांगायला सोपं होतं. सकाळी गाड्या लागायच्या, चाळीस लिटरचे कॅन एकामागून एक पुढे सरकायचे, नाकसाहेब लाकडी हातोडीने झाकणाला एक टोला द्यायचे, झाकण उचलून उलटं करायचे आणि थेट नाकाशी न्यायचे. दुधाचा खरा वास झाकणाखाली कोंडलेला असतो आणि दोन श्वासांत उडून जातो. तेवढ्यात ठरवायचं, घ्यायचं की लाल खडूची फुली मारून परत पाठवायचं. आंबायला लागलेलं, गोठ्याचा वास धरलेलं, नीट न धुतलेल्या कॅनमधलं, सगळं त्या दोन श्वासांत कळायचं. प्रयोगशाळेतल्या बाईंची परीक्षा त्यानंतर. एकवीस वर्षं हेच काम, आणि फुली मारल्यावर कोणी हुज्जत घातली नाही.

आता खरं सांगून टाकतो. त्यातली शेवटची तीन वर्षं त्या नाकाला काहीही कळत नव्हतं.

सुरुवात साध्या सर्दीने झाली. सर्दी गेली नाही, कपाळ जड ते जडच, रुमालाची घडी मोडलेलीच. मग एक दिवस झाकण नाकाशी नेलं आणि काही नाही. नाकसाहेबांना वाटलं, उद्या येईल. उद्याचे महिने झाले. बायकोलासुद्धा त्यांनी सांगितलं नाही, कारण तिला सांगितलं म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीला सांगितलं, आणि धाकटीला सांगितलं म्हणजे धाकटीच्या नवऱ्याला. आणि तो तर धक्क्यावर त्यांच्यापासून चार पावलांवर, वजनकाट्यावर उभा असायचा.

हा साडू. आठ वर्षांपूर्वी नाकसाहेबांनीच शब्द टाकून त्याला तिथे चिकटवला होता. माणूस कमी बोलणारा, कामाला वाघ. त्याच्या नाकात काय होतं देव जाणे, कॅनचं झाकण लागलेलं असतानाच त्याला आतलं कळायचं. नाकसाहेबांचं नाक गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात एक आंबलेला कॅन त्यांच्या हातून पास होत होता. साडू काट्यावरून नुसता खाकरला. नाकसाहेबांनी वर पाहिलं, साडूने खाली पाहिलं. नाकसाहेबांनी मुकाट्याने फुली मारली.

दुसऱ्या दिवसापासून कॅन वेगळे येऊ लागले. कॅनला धरायला दोन कड्या असतात. दूध चांगलं असलं की साडू काट्यावरून कॅन असा सोडायचा की कड्या डावी-उजवीकडे यायच्या. खराब असलं की एक कडी नेमकी नाकसाहेबांच्या पोटाशी. एवढंच. याबद्दल दोघांत तीन वर्षांत एक अक्षर बोललं गेलं नाही. नाकसाहेब टोला द्यायचे, झाकण उचलायचे, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे, चेहऱ्यावर विचार आणायचे आणि कडी बघून निकाल द्यायचे.

उपकार करणाऱ्या माणसाचा राग येतो तसा दुसऱ्या कोणाचा येत नाही. शत्रूचा बरा, त्याला निदान शिव्या देता येतात. नाकसाहेब साडूवर जळायचे, आणि जळताना वर त्याचे आभार मानावे लागत होते, तेही मनातल्या मनात. घरी तर बोलायची सोयच नव्हती. बायकोने अंगाचा साबण बदलला, आठ दिवस वाट पाहिली, नवऱ्याने ओळखलं नाही. मग बहिणीकडे गेली आणि परत येऊन म्हणाली, "धाकटीच्या मिस्टरांनी दारातच ओळखलं हो. म्हणाले, ताई, साबण बदललात वाटतं. नाहीतर आमच्याकडे! म्हणे नाकसाहेब!"

नाकसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. साडूने त्यांच्या बायकोला दागिना दिला असता तरी एवढं लागलं नसतं.

शेवटी डोकेदुखीने गाठलं आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. त्यांनी नाकात दुर्बीण घातली आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. दोन्ही बाजूंना फिकट, पाणीदार मांसाचे कोंब वाढले होते. वाट पुरती बुजलेली. स्कॅनमध्ये गालामागच्या आणि कपाळामागच्या पोकळ्या भरलेल्या. बाई म्हणाल्या, "ऑपरेशन करू. त्याआधी आठवडाभर स्टेरॉइडच्या गोळ्या. सकाळी, खाल्ल्यावर, एकदम. सूज उतरते, रक्त कमी जातं, मला आत नीट दिसतं. नंतरही काही दिवस घ्यायच्या, पण कमी कमी करत."

"वास येईल?"

"गोळ्यांवर कदाचित दोन-चार दिवसांतच येईल. पण भुलू नका. गोळी सूज उतरवते, कोंब उपटत नाही. गोळी संपली की हळूहळू सगळं परत येतं. आणि ही गोळी महिनोन् महिने खायची नसते. साखर वाढते, हाडं कमजोर होतात. आठवड्यातसुद्धा झोप उडेल, भूक खवळेल, चिडचिड होईल. घरच्यांना सांगून ठेवा."

नाकसाहेबांनी यातलं 'दोन-चार दिवसांत येईल' एवढं ऐकलं. बाकीचं बायकोने ऐकलं.

ऑपरेशननंतर दोन आठवडे रजा. मॅनेजरला त्यांनी सांगितलं, नाकाचं हाड वाढलंय, किरकोळ आहे. मॅनेजर म्हणाला, "घ्या की. तोवर तुमचे साडू बघतील झाकणं. त्यांचं नाक चांगलं आहे म्हणतात." कोण म्हणतात? नाकसाहेबांनी विचारलं नाही. घरी जाताना मात्र रस्ताभर तोच एक प्रश्न. आज दोन आठवडे झाकणं, उद्या महिना, परवा हातोडी. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी! ज्याला स्वतः हाताला धरून धक्क्यावर आणलं, तो आता त्यांच्याच जागी उभा राहणार, आणि ती जागा त्याला शोभणार, हे सगळ्यात वाईट.

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी नाकातून वारा जायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुऊन त्यांनी टॉवेल चेहऱ्यावर घेतला, आणि ओल्या टॉवेलचा तो कुबट, कालपासून न वाळलेला वास सरळ डोक्यात शिरला. नाकसाहेब न्हाणीघरात तसेच उभे राहिले. मग टॉवेलात तोंड खुपसून ढसाढसा रडले. बायको धावत आली. ते तिच्या खांद्यापाशी वाकले, हुंगलं आणि म्हणाले, "साबण. नवा साबण."

"नवा कसला, दीड वर्ष झालं," ती म्हणाली, पण तिचेही डोळे भरले होते. डॉक्टरीणबाईंकडे वासाचा विषय निघाला तेव्हा तिला हे एवढं मोठं वाटलं नव्हतं; काय झालंय ते तिला त्या दिवशी कळलं. तीन वर्षं नवऱ्याला कसलाच वास येत नव्हता आणि आपण मात्र साबणावरून टोमणे मारत होतो.

धक्क्यावर नाकसाहेबांनी पहिलं झाकण उचललं. दूध! कोमट, गोडसर, थोडं गवताळ. ते कड्यांकडे बघेनासे झाले. दोन दिवस त्यांनी आपल्या नाकाने निकाल दिले आणि कड्यांशी एकदाही फरक पडला नाही. साडूच्या हे लक्षात आलं असावं. तो काट्यावरून किंचित हसला. नाकसाहेबांना ते हसू उपकाराचं शेवटचं बिल वाटलं.

मग गोळी डोक्यात चढली. झोप उडाली. सकाळी उठले की अंगात दहा माणसांचं बळ, आणि भूक अशी की बायकोने डबा मोठा दिला तरी तो दहालाच रिकामा. धक्क्यावर ते शिट्टी वाजवत फिरू लागले, ड्रायव्हरांना दूध कसं झाकावं यावर भाषणं देऊ लागले. आणि चौथ्या दिवशी त्यांनी मनाशी ठरवून टाकलं की ऑपरेशन करायचंच नाही. नाक आलंय की! ऑपरेशन नाही म्हणजे रजा नाही, रजा नाही म्हणजे साडूला हातोडी नाही. परतताना औषधाच्या दुकानात शिरून त्यांनी तीच चिठ्ठी पुढे केली आणि आणखी महिनाभराच्या गोळ्या मागितल्या. दुकानदाराने चिठ्ठी वाचली आणि परत दिली. "एकाच आठवड्याच्या लिहिल्यात, साहेब. डॉक्टरांना फोन लावू का?" नाकसाहेब म्हणाले, राहू दे, आणि दुसरं दुकान बघायचं ठरवून घरी गेले.

पाचव्या दिवशी पहिल्याच गाडीला टेकडीवरच्या बाईंचे कॅन होते. साठीच्या, चार शब्दांच्या बाई. त्यांचं दूध म्हणजे धक्क्यावरचा नमुना. नवीन माणसाला चांगलं दूध कसं असतं हे शिकवायला त्यांचाच कॅन उघडायचे. कड्या डावी-उजवीकडे. नाकसाहेबांनी टोला दिला, झाकण नाकाशी नेलं आणि दचकले. कुजका वास. मेलेल्या उंदरासारखा, मागून येऊन घशाशी रेंगाळणारा. त्यांनी पुन्हा हुंगलं. तोच वास. दुसरा कॅन, तोच. तिसरा, तोच.

त्यांनी काट्याकडे पाहिलं. साडू शांतपणे पुढचा कॅन सरकवत होता, कड्या सरळ ठेवून. आणि नाकसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे असं आहे तर! सडका माल सरळ कड्यांनी सोडतोय. मी पास करावा, टाकी नासावी, माझं नाक कापलं जावं आणि हातोडी याच्या हातात जावी. तीन वर्षं विश्वास कमावला तो या एका दिवसासाठी! चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. जळणाऱ्याच्या मनात तर भर दुपार असते, सगळं स्वच्छ दिसतं आणि सगळं खोटं.

त्यांनी फुल्या मारायला सुरुवात केली. टेकडीवरच्या बाईंचे सहाच्या सहा कॅन. पुढच्या गाडीचे नऊ. त्यापुढचे आठ. धक्क्यावर लाल खडूचा तुकडा संपला, त्यांनी दुसरा मागवला. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. टेकडीवरच्या बाई पुढे आल्या.

"माझं दूध खराब?" त्यांनी एवढंच विचारलं.

"सडलंय," नाकसाहेब म्हणाले. "कॅन कशाने धुता?"

बाईंचा चेहरा पांढरा पडला. ज्या बाईंना आयुष्यात कोणी असं बोललं नव्हतं, त्यांना हे चारचौघांत ऐकावं लागलं. मॅनेजर धावत आला, मागून प्रयोगशाळेतल्या बाई. त्यांनी फुली मारलेल्या पाच कॅनमधलं दूध घेतलं, आत नेलं, परत आल्या आणि म्हणाल्या, "उत्तम आहे. पाचही."

"यंत्राला काय कळतंय!" नाकसाहेब ओरडले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू येईना. "एकवीस वर्षं आहे मी इथे! याला विचारा!" हातोडी साडूवर रोखलेली. "याला माहीत होतं! मुद्दाम कड्या सरळ सोडल्या याने! रोज खराब कॅनची कडी माझ्या पोटाशी आणतो, आज मुद्दाम सरळ सोडल्या, मी फसावं म्हणून!"

ड्रायव्हर आणि दूधवाले जवळ सरकले. मागे कॅन धुणाऱ्या वाफेचा आवाज चालूच होता.

मॅनेजरने हळू विचारलं, "कडी पोटाशी आणतो म्हणजे काय?"

नाकसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. जे तीन वर्षं बायकोपासून लपवलं, ते त्यांनी स्वतःच्या तोंडाने, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, सगळ्या दूधवाल्यांसमोर सांगून टाकलं होतं. साडूने काही सांगितलं नव्हतं. त्याला सांगायची गरजच उरली नव्हती.

साडू काट्यावरून उतरला. धुण्याच्या जागी गेला, वाफेवर नुकताच धुतलेला कॅन उचलून आणला आणि झाकण लावून नाकसाहेबांसमोर ठेवला. मग स्वतःच झाकण काढलं, उलटं केलं आणि त्यांच्या नाकाशी धरलं.

"काय वास येतोय, साडूभाऊ?"

"तोच," नाकसाहेब म्हणाले. "सडका."

"कॅन रिकामा आहे."

नाकसाहेबांनी आत पाहिलं. कोरा, चकचकीत, अजून गरम. त्यांनी स्वतःचा तळहात हुंगला. तोच. मग तोंड फिरवून रिकाम्या हवेत श्वास घेतला. तिथेही तोच. हातोडी त्यांनी कॅनच्या शेजारी ठेवली आणि कोणाकडेही न बघता फाटकाबाहेर चालू लागले. टेकडीवरच्या बाई वाटेत उभ्या होत्या. त्यांच्यासमोर ते थांबले, हात जोडले, पण शब्द फुटला नाही.

डॉक्टरीणबाईंना यात नवल वाटलं नाही. "सूज आणखी उतरली, पोकळ्यांची दारं किलकिली झाली आणि आत साचलेला पू वाहायला लागला. नाक उघडल्यावर त्याला सगळ्यात जवळचा वास येणार ना? तो तुमचाच आहे. परवा काढून टाकू." मग चष्म्यावरून पाहून म्हणाल्या, "जास्तीच्या गोळ्या मिळवायला गेला होतात, दुकानदाराने तुमच्या मंडळींना सांगितलं म्हणे. कोंब आणि पू दोन्ही आत ठेवून वरून गोळ्या खात बसला असतात, तर काय झालं असतं?"

नाकसाहेब लाजेने अर्धे झाले होते. तीन वर्षांचा सडका वास स्वतःच्या डोक्यात, आणि फुल्या मारल्या जगाला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी ते घरी खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. नाक शिंकरायची बंदी, वाकायची बंदी, दिवसातून चारदा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, आणि गोळ्या आता निम्म्यावर. बायकोने दुपारी दार उघडलं. धाकटी आणि तिचे मिस्टर आले होते. बहिणी आत गेल्या. साडू समोरच्या खुर्चीत बसला.

नाकसाहेबांनीच सुरुवात केली. घोगऱ्या, बंद आवाजात. "मी तुला सगळ्यांसमोर चोर ठरवलं."

"हो."

"मॅनेजर तुला बोलला असेल. तीन वर्षं लपवलं म्हणून."

"बोलला. दोन दिवस घरी बसवणार होता. मग म्हणाला, झाकणं कोण बघणार." साडूने खुर्ची थोडी पुढे घेतली. "ती जागा मला दिली, साडूभाऊ. दोन आठवड्यांपुरती नाही. कायमची."

नाकसाहेब वाट पाहत राहिले. आता हा म्हणेल, मी नको म्हणालो. म्हणेल, तुमच्या जागेवर मी कसा उभा राहू. या माणसाचा स्वभावच तसा, आणखी एक उपकार करून जाईल, आणि मग जन्मभर तो उरावर घेऊन बसावं लागेल.

"मी हो म्हणालो," साडू म्हणाला.

नाकसाहेबांनी मान वर केली.

"तीन वर्षं निकाल माझा आणि नाकसाहेब तुम्ही," साडू म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "टेकडीवरच्या बाई तुम्हाला नमस्कार करायच्या, मला ओळखतही नव्हत्या. घरी जाऊन मी बायकोवर कसा विनाकारण खेकसायचो, ते तिला विचारा. तुम्ही मला चिकटवलंत म्हणून गप्प होतो. तुम्हाला वाटलं, मी साधुसंत आहे. मी नाही. रोज कडी फिरवताना जळत होतो."



नाकसाहेबांना हसू फुटलं. हसायचीही बंदी होती, नाकात कळ गेली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी ते थांबेना. साडू घाबरून उठला. "डॉक्टरीणबाईंना बोलावू का? रक्त येतंय का?"

"बस," नाकसाहेब म्हणाले. "बस खाली." मग धाप ओसरल्यावर विचारलं, "आणि मी?"

"काट्यावर. मॅनेजर म्हणाला, यायचं असेल तर."

"तुझ्या हाताखाली."

"माझ्या हाताखाली."

हे ऐकून नाकसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, अगदी ताज्या ऑपरेशनच्या नाकालाही. ती हातोडी त्याच्या हातात, ते झाकण त्याच्या नाकाशी, आणि आपण चार पावलं मागे वजनं वाचत. त्यांना साडूचा हेवा वाटला, मनापासून, पूर्वीसारखाच. पण आता त्याचे आभार मानायचे नव्हते. तोही आपल्यासारखाच निघाला होता.

"रजा पंधरा तारखेला संपते," ते म्हणाले. "सोळाला येतो. आणि हे बघ, टेकडीवरच्या बाईंची गाडी आली की मला काट्यावरून पाच मिनिटं खाली सोड. त्यांची माफी मागायची राहिलीय."

"सोडेन," साडू म्हणाला. "पण पाचच मिनिटं. रांग लागते."